उतरत्या फळीवरचा गॅलिलिओ

गॅलिलिओचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक, पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून दोन गोळे खाली टाकणारा तरुण प्राध्यापक. आणि दुसरे, रोमच्या धर्मन्यायालयापुढे गुडघे टेकून आपलेच मत खोटे ठरवणारा वृद्ध. यांपैकी दुसरे चित्र खरे आहे. पहिल्याविषयी इतिहासकारांना शंका आहे, कारण ती हकीकत गॅलिलिओने स्वतः कुठे लिहिलेली नाही. त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेल्या विव्हियानी या शिष्याने ती पुढे सांगितली. परंतु या दोन चित्रांच्या मध्ये एक तिसरा गॅलिलिओ आहे. तो लाकडाच्या लांब फळीला खाच पाडतो, तिचे एक टोक उचलून धरतो आणि वरून एक गोळी सोडतो. मग पुन्हा सोडतो. पुन्हा पुन्हा सोडतो. मला याच गॅलिलिओविषयी लिहावयाचे आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. इतिहास हा माझा विषय. तेव्हा विज्ञानाच्या प्रांतात हिचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु नववीत आम्हीही गतीची तीन समीकरणे पाठ केली होती. व्ही बरोबर यू अधिक ए टी, हे पहिले. आणि पुढची दोन त्याच चालीवर. यू म्हणजे आरंभीचा वेग, व्ही म्हणजे अखेरचा, ए म्हणजे त्वरण, टी म्हणजे काळ. पाढ्यांसारखी ती म्हणत आम्ही उदाहरणे सोडवली, गुणही मिळवले. पण ही समीकरणे कोणी शोधली, त्यासाठी त्याला काय सोसावे लागले, हे त्या शाळेत आम्हांला कोणी सांगितले नाही. जणू ती पुस्तकाबरोबरच छापखान्यात जन्मली होती. पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गॅलिलिओचे चरित्र हाती लागले, तेव्हा कळले की त्या तीन ओळींच्या मागे एक अख्खा जन्म उभा आहे, आणि त्यात हुंडा आहे, कर्ज आहे, मठात टाकलेल्या दोन मुली आहेत, तुरुंगवास आहे. हा तर माझाच विषय झाला.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणारे आणि संगीतशास्त्रावर लिहिणारे गृहस्थ. घरात सरस्वती होती, लक्ष्मीचा पत्ता नव्हता. या वडिलांविषयी चरित्रग्रंथांत फार थोडे लिहिलेले असते. माझ्या मते ते अन्यायाचे आहे. त्या काळी संगीतातील प्रमाणे हा पायथॅगोरसच्या परंपरेने चालत आलेला ज्ञानाचा ठेवा होता. तारेला टांगलेले वजन दुप्पट केले की स्वर वरच्या सप्तकात जातो, असे शतकानुशतके पढवले जात होते. विन्चेन्झोने वजने प्रत्यक्ष टांगून पाहिली आणि वजन दुप्पट नव्हे तर चौपट लागते, असे त्याला आढळले. ग्रंथ काहीही म्हणोत, तार काय म्हणते ते ऐकावे, हा धडा मुलाला घरातच मिळाला असला पाहिजे. आणि तो आकडाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण दोनाला चार हे नाते या मुलाच्या आयुष्यात पुन्हा येणार होते.

मुलाने वैद्य व्हावे अशी बापाची इच्छा. पैसा त्याच धंद्यात. म्हणून १५८१ मध्ये गॅलिलिओला पिसाच्या विद्यापीठात वैद्यकासाठी घातले. तेथे ओस्तिलिओ रिच्ची या गणितज्ञाकडून युक्लिडची भूमिती त्याच्या कानी पडली आणि वैद्यक मागे पडले. १५८५ मध्ये पदवी न घेताच तो घरी परतला. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात जात आहे, त्या घरात ‘पदवी न घेता’ हे शब्द कसे वाजतात ते आमच्यासारख्यांना विचारावे! विन्चेन्झोच्या मनाला काय वाटले असेल? पण चारच वर्षांनी, १५८९ मध्ये, त्याच विद्यापीठाने या पदवी नसलेल्या तरुणाला गणिताचा प्राध्यापक नेमले. पगार वर्षाला ६० स्कूदी, म्हणजे अगदीच तुटपुंजा.

१५९१ मध्ये वडील वारले आणि थोरला मुलगा म्हणून सारा संसार त्याच्या अंगावर आला. एका बहिणीच्या हुंड्याचे हप्ते थकलेले होते. दुसरीचे लग्न १६०१ मध्ये झाले, त्याचाही हुंडा ठरला. धाकट्या भावाने अर्धा भार उचलण्याचे कबूल केले होते, पण तो वाटा काही आला नाही. तेव्हा गॅलिलिओने काय केले? १५९२ मध्ये त्याला पादुआच्या विद्यापीठात बरी जागा मिळाली होती. तेथे तो घरी शिकवण्या घेई, विद्यार्थ्यांना आपल्याच घरात राहायला जागा देऊन त्यांचे पैसे घेई, आणि एक कारागीर हाताशी ठेवून सैनिकांना व मोजणीदारांना लागणारे कंपास तयार करून विकी. युरोपातील एवढा मोठा बुद्धिमंत, आणि बहिणींच्या हुंड्यासाठी खानावळ चालवतो! हे वाचून मला तो एकदम आपल्या मुलखातला वाटू लागला.

या पादुआतच, हिशेबाच्या वह्या आणि शिकवण्यांच्या गर्दीत, त्याने गतीचा प्रश्न हाती घेतला. प्रश्न दिसायला साधा आहे. हातातून दगड सुटला की तो खाली जाताना वेग घेत जातो, हे लहान मुलालाही ठाऊक. पण वेग कोणत्या हिशेबाने वाढतो? ॲरिस्टॉटलच्या परंपरेत जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, एवढे सांगून काम भागवले जाई. दगड का पडतो यावर पुष्कळ वाद झाले होते. गॅलिलिओने ‘का’ बाजूला ठेवला आणि ‘कसा’ एवढेच विचारले. हा मला त्याचा सर्वांत मोठा शहाणपणा वाटतो.

अडचण अशी की पडणारा दगड डोळ्यांना पकडता येत नाही. पहिल्या सेकंदात तो सुमारे १६ फूट खाली जातो, दोन सेकंदांत ६४ फूट. सेकंद बिनचूक मोजणारे घड्याळ त्याच्याजवळ नव्हते. तेव्हा गॅलिलिओने युक्ती काढली. दगड सरळ पाडायचाच नाही, उतारावरून घरंगळू द्यायचा. उतार थोडका असेल तर गती मंद होते, पण तिची जात बदलत नाही. जसे दुधात पाणी घातले तरी ते दूधच. सुमारे १२ हात लांबीची फळी त्याने घेतली. त्यांचा हात आपल्याहून मोठा, सुमारे ५८ सेंटिमीटरचा; म्हणजे फळी ७ मीटर भरली. तिला बोटभर रुंदीची सरळ खाच पाडली, खाच गुळगुळीत केली, तिच्यात चर्मपत्र चिकटवले आणि काशाची गोल, चकचकीत गोळी तिच्यातून सोडली. काळ मोजण्यासाठी पाण्याने भरलेले मोठे भांडे उंचावर ठेवले. त्याच्या बुडाला बारीक नळी. गोळी सुटली की धार पेल्यात धरायची, गोळी पोचली की थांबवायची, आणि पेल्यातले पाणी तराजूत तोलायचे. जितके पाणी, तितका काळ. आपल्याकडेही घटिकापात्राने मुहूर्त साधत असत. काळ पाण्याने मोजण्याची कल्पना आपल्याला परकी नाही.

असे शंभर शंभर वेळा केले, असे तो लिहितो. निष्कर्ष असा निघाला की फळीची चौथाई लांबी जायला जितका काळ लागतो, त्याच्या बरोबर दुप्पट काळ पूर्ण लांबीला लागतो. दुप्पट काळात चौपट अंतर, तिप्पट काळात नऊपट. अंतर हे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उतार कमीजास्त केला तरी नियम तोच. हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने सांगता येते आणि ती मला अधिक सुंदर वाटते: सारख्या सारख्या काळाचे तुकडे पाडले, तर पहिल्या तुकड्यात वस्तू १ भाग जाते, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५, चौथ्यात ७. सगळ्या विषम संख्या, ओळीने. बेरीज करत गेलात तर १, ४, ९, १६. निर्जीव दगड विषम संख्यांचा पाढा म्हणत खाली येतो, याचे मला अजून नवल वाटते.

नियम सापडला तरी त्याचे मूळ सापडले नव्हते. १६०४ मध्ये व्हेनिसच्या पाओलो सार्पी या विद्वान मित्राला लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओने हा नियम कळवला, पण त्याच्या बुडाशी तत्त्व सांगितले ते चुकीचे. वस्तू जितके अंतर पडली असेल तितक्या प्रमाणात तिचा वेग असतो, असे तो तेव्हा धरून चालला होता. वरवर पाहता हे पटतेही. पण थोडा विचार केला तर त्यातली गोम कळते. सुरुवातीला वस्तू मुळीच पडलेली नाही, म्हणजे अंतर शून्य. मग वेगही शून्य. आणि वेग शून्य तर अंतर पुढे वाढायचे कसे? असा दगड हात सोडला तरी जागचा हलणारच नाही. पुढच्या काही वर्षांत गॅलिलिओने ते तत्त्व टाकून दिले. वेग अंतराबरोबर वाढत नाही, काळाबरोबर वाढतो: जितका वेळ गेला, तितका वेग आला. सारख्या काळात वेगाची सारखी भर. यालाच आपण एकसमान त्वरण म्हणतो.

हे एकदा मान्य केले की आपली नववीची समीकरणे आपोआप उलगडतात. प्रत्येक सेकंदाला वेगात सारखी भर पडते, तेव्हा आरंभीच्या वेगात त्वरण गुणिले काळ मिळवला की अखेरचा वेग झाला. हे पहिले समीकरण. आता अंतर. वेग शून्यापासून सारखा वाढत गेला, तर सरासरी वेग अखेरच्या वेगाच्या निम्मा. सरासरी वेगाला काळाने गुणले की अंतर. अखेरचा वेग त्वरण गुणिले काळ इतका आहे. त्याचा निम्मा आणि पुन्हा काळ, म्हणजे त्वरण गुणिले काळाचा वर्ग, त्याच्या निम्मे. आरंभी वेग असेल तर त्या वेगाने गेलेले अंतर वेगळे मिळवायचे. त्या समीकरणातला ‘एक छेद दोन’ कुठून आला, हे मला नववीत कधी कळले नव्हते. तो या सरासरीतून आला. खरे सांगायचे तर ही सरासरीची युक्ती गॅलिलिओच्या आधी दोन-अडीचशे वर्षे ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील विद्वानांना ठाऊक होती आणि फ्रान्सच्या निकोल ओरेमने ती आकृती काढून सिद्धही केली होती. पण ती कागदावरची गती होती. खरा दगड तसाच पडतो, हे फळीवर मोजून दाखवले ते गॅलिलिओने. आणि त्याने अक्षरांची समीकरणे मांडली नाहीत. तो सारे भूमितीच्या प्रमाणांत बोलतो. अक्षरे पुढच्यांनी घातली.

तिसऱ्या समीकरणात काळच नाही; वेगाचा वर्ग आणि अंतर यांचे नाते आहे. ते मी माझ्या वडिलांना समजावून सांगितले. ते एस.टी.त चालक आहेत. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर असेल आणि ब्रेकमुळे दर सेकंदाला ५ मीटरने वेग घटत असेल, तर गाडी १० मीटरवर थांबते. वेग दुप्पट करा, ताशी ७२; गाडी २० मीटरवर नाही, ४० मीटरवर थांबते. वडिलांनी ऐकून घेतले आणि हे त्यांच्या पायाला फार पूर्वीपासून ठाऊक असल्याचे सांगितले. दुसऱ्या समीकरणाची परीक्षा मी गावच्या विहिरीवर घेतली. आजोबा विहिरीचे पाणी परसांत सांगतात. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. पाणी पाच परसांवर आहे, असे ते म्हणाले. मी दगड सोडला, मोबाईलवर मोजले, दीड सेकंदाच्या आसपास डुबुक आवाज आला. हिशेब केला: सुमारे ११ मीटर, म्हणजे ३६ फूट. आजोबांचा परस ७ फुटांचा धरला तर दोघांचे उत्तर जुळते.

गॅलिलिओच्या या प्रयोगावर पुढे एक मौजेचा वाद झाला. विसाव्या शतकात आलेक्सांद्र कोयरे या नामांकित इतिहासकाराने म्हटले की, पाण्याच्या धारेने इतके बिनचूक मोजणे शक्यच नाही. हा प्रयोग बहुतेक मनातल्या मनात झाला असावा. १९६१ मध्ये टॉमस सेटल या अमेरिकन संशोधकाने तशीच फळी, तशीच गोळी आणि तसेच पाण्याचे भांडे घेऊन प्रयोग करून पाहिला. तो नीट जमला. त्यानंतर १९७० च्या दशकात स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाने फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयातील गॅलिलिओचे कागद बारकाईने तपासले. एका कागदावर आठ आकडे ओळीने लिहिलेले आहेत: ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४. पहिल्या ३३ ला १, ४, ९, १६ असे वर्गांनी गुणत चला. १३२, २९७, ५२८, ८२५ असे येत जातात. पाहा, किती जवळ! आणि बरोबर तेच नाहीत, हेच महत्त्वाचे. मनात केलेल्या प्रयोगाचे आकडे बिनचूक आले असते. हे मोजलेले आकडे आहेत. येथे सारखे काळ कसे पाडले असतील, याविषयी ड्रेकचा तर्क असा की, संगीतज्ञाच्या या मुलाने फळीवर आडव्या तारा बांधल्या असाव्यात आणि गोळी त्यांवरून जाताना होणारा खट् आवाज तालात पडेल अशा त्या सरकवल्या असाव्यात. हा तर्कच आहे. पण आमच्या गावच्या भजनात बसणाऱ्या, अपूर्णांक न येणाऱ्या माणसालाही टाळ किंचित मागे पडला तर लगेच कळते, हे मी पाहिले आहे. तेव्हा मला तो पटतो.

एवढे सगळे हाती असताना गॅलिलिओने ते लगेच छापले नाही. कारण १६०९ मध्ये दुर्बीण त्याच्या हाती आली. जानेवारी १६१० मध्ये त्याला गुरूचे चंद्र दिसले, त्याच वर्षी तो फ्लॉरेन्सच्या ड्यूकच्या दरबारी गेला, आणि कीर्तीबरोबर शत्रूही आले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या कोपर्निकसच्या मताचा पुरस्कार करू नये, अशी ताकीद त्याला १६१६ मध्ये मिळाली. १६३२ मध्ये त्याचा ‘संवाद’ हा ग्रंथ निघाला, १६३३ मध्ये खटला झाला, २२ जून रोजी त्याने गुडघे टेकून आपले मत सोडल्याचे जाहीर केले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून मी वाढवीत नाही.

त्याच्या मुलींविषयी मात्र लिहिले पाहिजे. पादुआत असताना मारिना गांबा या स्त्रीपासून त्याला तीन अपत्ये झाली. लग्न झालेले नव्हते. मुलगा विन्चेन्झो याला पुढे कायदेशीर वारस म्हणून मान्यता मिळवून दिली. दोन्ही मुलींना मात्र कोवळ्या वयातच फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथील मठात ठेवले. अशा मुलींची लग्ने जमणे कठीण, आणि जमली तरी हुंडा द्यायचा कुठून? बहिणींच्या हुंड्याने पिळून निघालेल्या माणसाने मुलींच्या बाबतीत हा मार्ग काढला. चरित्रकार याला काळाची रीत म्हणतात. रीत असेल. पण मुलाला वारसा आणि मुलींना चार भिंती, हा न्याय माझ्या मनाला लागला, आणि गॅलिलिओविषयीच्या माझ्या आदरात ही एक बोच राहिली आहे. थोरली व्हर्जिनिया हिने मारिया चेलेस्ते हे नाव घेतले. ती बुद्धिमान होती. मठातून ती वडिलांना पत्रे लिही. त्यांची १२४ पत्रे आज उपलब्ध आहेत. वडिलांनी तिला लिहिलेले एकही उरलेले नाही. खटल्यानंतर गॅलिलिओला शिक्षा म्हणून तीन वर्षे दर आठवड्याला प्रायश्चित्ताची सात स्तोत्रे म्हणायची होती. ते ओझे मारिया चेलेस्तेने स्वतःकडे घेतले.

वृद्ध गॅलिलिओला नजरकैदेत ठेवले, तेही अखेर आर्चेत्रीतच. डिसेंबर १६३३ मध्ये तो घरी आला. मठ जवळ, मुलगी जवळ. आणि २ एप्रिल १६३४ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मारिया चेलेस्ते आजारात गेली. ज्या घरात काही छापायला बंदी, दाराबाहेर पडायला बंदी, आणि मुलीच्या मरणाचे दुःख, त्या घरात बसून या सत्तरीच्या माणसाने तीस वर्षांपूर्वीच्या फळीवरच्या वह्या पुन्हा उघडल्या. खटल्यानंतर काही महिने तो सिएनाच्या आर्चबिशपच्या घरी होता, तेथेच ग्रंथाला हात घातला होता. ‘दोन नव्या शास्त्रां’चा तो ग्रंथ त्याने पुरा केला. तीन मित्र चार दिवस बोलत बसतात अशी रचना. बोलणे सारे आपल्या इटालियन भाषेत, सिद्धांत तेवढे पंडितांच्या लॅटिनमध्ये. तिसऱ्या दिवशी सम वेग आणि एकसमान त्वरण. तीच आपली समीकरणे. चौथ्या दिवशी तोफेच्या गोळ्याची वाट: आडवा वेग कायम, उभी गती पडत्या दगडाची, दोन्ही मिळून अन्वस्त, आणि ४५ अंशांवर सर्वांत लांब पल्ला. इटलीत छापणे अशक्य होते. हस्तलिखित बाहेर गेले आणि १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडेन येथे एल्झेव्हिर या मुद्रकांनी ते छापले. तोवर गॅलिलिओचे दोन्ही डोळे गेले होते. ज्या डोळ्यांनी गुरूचे चंद्र पाहिले, त्यांना स्वतःचे पुस्तक दिसले नाही.

या पुस्तकाला धर्मपीठाने हात लावला नाही, याचे मला हसू येते. आकाशातल्या पृथ्वीवर त्यांचा डोळा होता. उतरत्या फळीवरच्या गोळीत त्यांना धोका दिसला नाही. न्यूटन पुढे याच फळीवर उभा राहिला. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हवा नसलेल्या जागी हातोडा आणि ससाण्याचे पीस एकदम सोडले; दोन्ही एकदम पडले. रोमने खटल्यातील चूक मान्य केली ती ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात.

गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ रोजी वारला. अखेरचे काही महिने तोरिचेल्ली आणि तरुण विव्हियानी त्याच्याजवळ होते. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे या चर्चमध्ये मोठे स्मारक करण्याचा ड्यूकचा विचार होता, पण रोमला ते मान्य झाले नाही, म्हणून देह एका बाजूच्या लहानशा खोलीत पुरला. १७३७ मध्ये, पंचाण्णव वर्षांनी, तो स्मारकाच्या जागी हलवला. त्या वेळी तेथे एका स्त्रीचेही अवशेष निघाले. ते मारिया चेलेस्तेचे असावेत असे मानतात. तेही त्याच्याबरोबर नव्या जागी ठेवले गेले. स्मारकावर नाव घातले ते गॅलिलिओचे; तिचे घातले नाही.